बिगारी ते गवंडी : विनाशुल्क प्रशिक्षणाचा मार्ग

हैदराबादेतील गौलीगुडा हे नाव मराठवाड्यातील जुन्या पिढीला बसस्थानकामुळे परिचित आहे. निजाम राज्य रेल्वेने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी प्रवासी वाहतूक सुरू केली. पुढे गौलीगुड्यातील भव्य पोलादी शेड अनेक वर्षे या वाहतुकीचे केंद्र होती. १९९४ मध्ये जवळच महात्मा गांधी बसस्थानक सुरू झाले आणि ५ जुलै २०१८ रोजी ती जुनी शेड कोसळली. तथापि देगलूर, उदगीर, नांदेड या भागांतून कामाच्या शोधार्थ येणारा तरुण आजही याच परिसरात उतरतो.

त्याच्या अंगी बळ असते, पण हाती कसब नसते. मजूर-अड्ड्यावर उभे राहून तो बिगारी म्हणून कामास लागतो आणि विटा वाहता वाहता अनेकदा त्याचे उभे आयुष्य सरते. त्याच इमारतीवरील गवंडी, प्लंबर किंवा वीजतंत्री यांची रोजी त्याच्यापेक्षा बरीच अधिक असते. हे अंतर ज्ञानाचे आहे, आणि ते ज्ञान आज विनामूल्य मिळू शकते.

याच शहरात १९९८ मध्ये राष्ट्रीय बांधकाम अकादमी स्थापन झाली. गवंडीकाम, लोखंड-बांधणी, सेंट्रिंग, नळजोडणी, घरगुती वीजजोडणी, रंगकाम इत्यादी व्यवसायांचे अल्पमुदतीचे शिक्षण तेथे दिले जाते. शासकीय योजनांखालील अशा अभ्यासक्रमांस प्रशिक्षणार्थीकडून शुल्क घेतले जात नाही. शिक्षणाची व रहिवासाची अट योजनेनुसार भिन्न असल्याने प्रवासाचा खर्च करण्यापूर्वी चौकशी करावी. महाराष्ट्रातील रहिवाशांना नजीकच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत किंवा जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात माहिती मिळू शकेल.

प्रशिक्षणात नेमके काय शिकवतात? भिंत ओळंब्यात कशी ठेवावी, पाणसळीने पातळी कशी साधावी, ३, ४ व ५ फुटांच्या मापांनी काटकोन कसा काढावा, हे हाताने करवून घेतले जाते. काँक्रीटमध्ये पाणी वाढविल्यास ते कालवण्यास सोपे, परंतु कमजोर होते. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस ओलावा द्यावाच लागतो. यामागील कारण समजलेला कारागीर नकाशा वाचू शकतो, आणि पुढे मुकादम वा पर्यवेक्षक होण्याची वाट त्याला मोकळी होते. उंचावरील कामात सुरक्षापट्टा व शिरस्त्राण यांचा वापरही तो शिकतो.

शुल्क नसले तरी शिकण्याच्या काळात रोजी बुडते, हीच गरीब कुटुंबाची खरी अडचण होय. यास्तव शेतीची कामे उरकल्यानंतरचा काळ निवडावा, निवास-भोजनाची सोय असलेल्या अभ्यासक्रमास प्राधान्य द्यावे आणि घरखर्चाची तजवीज आधीच करावी. जे अनेक वर्षे काम करीत आहेत, त्यांना पूर्वानुभवाची चाचणी देऊन प्रमाणपत्र मिळविण्याचीही सोय आहे. बांधकामावर बहुधा डोक्यावरून ओझी वाहण्याचेच काम वाट्यास येणाऱ्या भगिनींनी तर या संधीचा अवश्य विचार करावा.

नोंदणीचे महत्त्वही ध्यानी ठेवावे. १९९६ च्या कायद्यांनी बांधकाम खर्चावर किमान १ टक्का उपकर आणि कामगारांसाठी कल्याण मंडळे यांची तरतूद केली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. १८ ते ६० वर्षे वयाच्या व मागील १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगारास नोंदणी करता येते. म्हणून कामाच्या दिवसांचा पुरावा जपून ठेवावा.

शिक्षक बंधु-भगिनींनी शाळा सोडणाऱ्या मुलांना आणि ग्रामसेवकांनी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना ही माहिती वेळेवर द्यावी. गावातून निघण्यापूर्वी केलेली एक चौकशी पुढील अनेक वर्षांचे ओझे हलके करू शकेल.