सायकलचा सरकता चिमटा : घरच्या घरी उघडणे आणि निगा

आपल्याकडील साध्या काळ्या सायकलचा पुढचा चिमटा हा चाक धरून ठेवणारा एक ताठ आणि अचल भाग असतो. त्यात सरकणारे, दाबले जाणारे किंवा तेल मागणारे असे काहीच नसते. रस्त्यातल्या खड्ड्याचा दणका प्रथम टायरमधील हवा सोसते, काही अंशी चिमट्याची पुढे वळलेली टोके सोसतात, आणि उरलेला स्वाराच्या मनगटांना सोसावा लागतो. डोंगरवाटांसाठी बनवलेल्या सायकलींचा चिमटा याहून वेगळा असतो. त्याचे पाय दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे एकात एक सरकतात, आणि त्यांच्या पोटात पोलादी स्प्रिंग किंवा कोंडलेली हवा असते. जे सरकते ते घासते, आणि जे घासते त्याला वंगण लागते. प्रस्तुत प्रकरणाचा विषय एवढाच आहे. परंतु हे वंगण जिथे असते ती जागा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून बहुतेक चिमटे वर्षानुवर्षे उघडलेच जात नाहीत.

डोंगरउतारावर सायकल पळवण्याचा छंद आणि वंगणाची काळजी ही जोडी मुळापासूनची आहे. 1976 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या रस्त्यावर काही तरुणांनी उताराची शर्यत भरवली. हा रस्ता दोन मैलांहून कमी अंतरात सुमारे 1300 फूट खाली येतो. त्यांच्या सायकली जुन्या, अवजड आणि जाड टायरच्या होत्या, आणि पायडल उलटे दाबले की मागच्या हबमध्ये ब्रेक लागत असे. पायथ्याशी पोहोचेपर्यंत तो हब इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि पुन्हा उतरण्यापूर्वी हब उघडून त्यात नवे ग्रीस भरावे लागे. त्यावरून त्या रस्त्याचे नावच ‘रिपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, असे पडले.

या सायकलींचे चिमटे ताठच होते. मोटारसायकलींना तेलाच्या साहाय्याने दणका जिरवणारा सरकता चिमटा 1935 मध्ये, बीएमडब्ल्यू कारखान्याच्या आर-12 या गाडीवर मिळाला होता. सायकलींना तो मिळण्यास आणखी अर्धशतक जावे लागले. मोटारसायकलींच्या क्षेत्रातून आलेल्या पॉल टर्नर आणि स्टीव्ह सायमन्स यांनी 1989 मध्ये रॉकशॉक्स ही कंपनी स्थापन केली. पुढच्याच वर्षी कोलोरॅडो राज्यातील ड्युरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. तिच्यात उताराची शर्यत जिंकणाऱ्या ग्रेग हर्बोल्डच्या सायकलला या कंपनीचा चिमटा होता. तो जेमतेम दोन इंच दबत असे. आज तीव्र उतारांसाठी बनवलेले चिमटे 200 मिलिमीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ आठ इंच, दबतात. भारतातही आता अशा सायकली नवलाच्या राहिलेल्या नाहीत. 2023 मध्ये आशियाई माउंटन बाईक अजिंक्यपद स्पर्धा केरळातील पोनमुडीच्या डोंगरांत भरली होती.

आता रचनेकडे वळू. हँडलच्या खाली चिमट्याचा खांदा असतो, आणि त्यात दोन गुळगुळीत नळ्या घट्ट बसवलेल्या असतात. या वरच्या नळ्या खालच्या दोन पोकळ पायांत शिरतात. हे पाय वरच्या बाजूस एका कमानीने परस्परांशी जोडलेले असतात, आणि त्यांच्या टोकांशी चाक बसते. प्रत्येक पायाच्या आत दोन बुश असतात व त्यांवरून नळी सरकते. पायाच्या तोंडाशी धूळ अडवणारे रबरी सील, आणि त्याच्या लगेच खाली तेलात भिजवलेले स्पंजाचे कडे असते. तळाशी थोडेसे तेल असते. ते किती थोडे, हे ऐकून नवख्याला आश्चर्य वाटते : पुष्कळ चिमट्यांत एका पायात 5 ते 15 मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक ते तीन चमचे. चिमटा दबताना हेच तेल उसळून वर येते आणि बुशांना व स्पंजाला ओले ठेवते.

बहुतेक रचनांत स्वाराच्या डाव्या हाताच्या पायात हवेची स्प्रिंग असते आणि उजव्या पायात डँपर असतो. दबलेली स्प्रिंग एकदम उसळू नये म्हणून तेलाला बारीक छिद्रांतून जाण्यास भाग पाडणारे हे साधन होय. पारिभाषिक कोशांत त्याला ‘अवमंदक’ म्हटले आहे. शब्द चांगला आहे. परंतु दुकानात जाऊन अवमंदक मागितल्यास दुकानदार आपल्या तोंडाकडे पाहत राहील, म्हणून येथे डँपर हाच शब्द ठेवला आहे.

पावसाळ्यातील लाल चिखल असो वा लडाखकडील पिठासारखी धूळ असो, तिचे सूक्ष्म कण सीलच्या ओठाखालून हळूहळू आत जातात. तेल दाट व काळे होते, स्पंज कोरडा पडतो. मग नळीवरचा कठीण लेप झिजू लागतो. येथे खरा तोटा आहे. नळ्या, खांदा आणि हँडलकडे जाणारा दांडा हे कारखान्यात एकमेकांत दाबून बसवलेले असल्याने झिजलेली एक नळी सहसा बदलता येत नाही. सगळा संच बदलावा लागतो, आणि त्याची किंमत पुष्कळदा नव्या चिमट्याच्या जवळपास जाते. काही चमचे तेल वेळेवर न बदलल्याचा हा दंड आहे. रॉकशॉक्सची पत्रके खालच्या पायांची सफाई दर 50 तासांच्या वापरानंतर करावयास सांगतात; फॉक्स ही दुसरी मोठी कंपनी 125 तास किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, असे सांगते. चिखलात चालवणाऱ्याने पहिला आकडा मानावा, असे मला वाटते.

काम सुरू करण्यापूर्वी चाक आणि ब्रेक काढून ठेवावेत. ब्रेक तेलाच्या दाबाचा असल्यास चाक नसताना त्याची मूठ दाबू नये, आणि ब्रेकच्या तबकडीला वा गुटक्यांना तेलाचा हातही लागू देऊ नये. चिमटा सायकलपासून सोडवणे अनिवार्य नाही, परंतु सोडवल्यास तो हवा तसा कलता येतो. त्यानंतरची पायरी कोणत्याही कारणास्तव टाळू नये. डाव्या पायाच्या माथ्यावरील टोपण काढून व्हॉल्व्हची पिन हळूहळू दाबावी व सगळी हवा सोडावी. हवा सुटत असताना चिमटा थोडा दाबत राहावे, म्हणजे आतल्या दुसऱ्या कप्प्यातील हवाही निघते. स्वाराच्या वजनानुसार आत प्रति चौरस इंच 60 ते 120 पौंड इतका दाब असू शकतो. अशा दाबाखाली सोडलेला भाग गोळीसारखा सुटतो.

आता चिमट्याच्या तळाकडील दोन बोल्ट पाहावेत. डँपरच्या बाजूस एखादी फिरकी असल्यास ती आधी ओढून काढावी. बोल्ट ॲलन कीने तीन-चार आटे सैल करावेत, पूर्ण काढू नयेत, आणि मग त्यांच्या डोक्यावर रबरी हातोडीने नेमका ठोका द्यावा. आतला दांडा पायाच्या तळाशी घट्ट बसलेला असतो, तो या ठोक्याने सुटतो. बोल्ट पूर्ण काढून ठोकणारा मनुष्य दांड्याचे आटेच बिघडवतो, आणि ही चूक घरी दुरुस्त होत नाही. दांडे सुटल्यावर खाली परात ठेवून बोल्ट काढावेत आणि पाय सरळ ओढून घ्यावेत. परातीत जे पडते ते नीट पाहावे. तेल नुसते काळपट असेल तर काम वेळेवर झाले असे समजावे. दुधाळ असेल तर आत पाणी शिरले आहे. त्यात चंदेरी चमक दिसली तर धातू झिजू लागला आहे. परातीत काहीच पडले नाही, असेही पुष्कळदा घडते.

सफाईसाठी आपल्याकडे हात आपोआप रॉकेलच्या बाटलीकडे जातो. येथे तो आवरावा. रॉकेल आणि पेट्रोल रबराला मानवत नाहीत. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे फडके पुरेसे आहे. फडके लांब काठीला गुंडाळून पायांचा तळ पुसून काढावा. जुने सील पात्याच्या रुंद पान्याने उचकटावेत, पण पायाच्या काठावर जाड कापड ठेवून; काठाला खाच पडली तर नवे सीलही गळते. स्पंजाची कडी बाहेर काढून पिळावीत, धुवावीत आणि नव्या तेलात पूर्ण भिजवून परत बसवावीत. नवे सील तिरके न होता सरळ खाली गेले पाहिजे. त्याच्या मापाचा प्लॅस्टिक नळाचा तुकडा वर ठेवून दाबल्यास ते सहज बसते. सीलच्या ओठाला पातळ, खास या कामाचे ग्रीस बोटाने लावावे. चाकाच्या छर्ऱ्यांत भरतात ते चिकट ग्रीस येथे उपयोगाचे नाही.

जोडणी करताना पाय नळ्यांवर चढवण्याची घाई करू नये, कारण सीलचा ओठ दुमडला गेला तर सगळा खटाटोप पुन्हा करावा लागेल. पाय निम्मे चढले की चिमटा तळ वर करून कलता धरावा आणि बोल्टच्या भोकांतून, सुई नसलेल्या सिरिंजने, पत्रकात सांगितलेले तेल सांगितलेल्या मापाने सोडावे. तेल दांड्याच्या पोकळीत न जाता भोवताली गेले पाहिजे. ‘थोडे जास्त असलेले बरे’ हा स्वयंपाकघरातील न्याय येथे लागू नाही. जास्त तेलामुळे हवेची जागा घटते आणि चिमटा शेवटपर्यंत दबत नाही. मग पाय पूर्ण चढवून बोल्ट लावावेत. त्यांच्याखालील वायसर आवळताना चेपून सांधा बंद करणारे असतात, म्हणून ते दर खेपेस नवे घ्यावेत. किती आवळावे हेही पत्रकात न्यूटन-मीटरमध्ये दिलेले असते, आणि तो आकडा लहानच असतो. हातात बळ आहे म्हणून ते येथे वापरू नये.

हवा भरण्यास लहान, उच्च दाबाचा आणि मापक असलेला पंप लागतो. साधा पंप येथे चालत नाही. हवा भरून झाल्यावर चिमटा दहा-बारा वेळा दाबून पुन्हा दाब पाहावा.

डँपर मात्र उघडू नये. त्यातील हवेचा एक बुडबुडाही त्याचे काम बिघडवतो, आणि काही डँपरांत वायू कोंडलेला असतो. ते काम कारागिराकडे सोपवावे. तसेच, पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली असता नळी आणि पाय यांच्या सांध्यावर ठेवलेल्या बोटाला खडखड जाणवली, तर बुश झिजले आहेत असे समजावे. ते बदलण्यास विशेष हत्यारे लागतात. कोठेही चीर दिसली तर मात्र ती सायकल चालवूच नये.

आपल्या बाजारातील स्वस्त गिअरच्या सायकलींवर दिसणारे चिमटे बहुतांशी लोखंडी स्प्रिंगचे असतात. त्यांत हवा नसते, पुष्कळांत डँपरही नसतो, आणि बुश प्लॅस्टिकचे असतात. तेही तळाच्या बोल्टांनीच सुटतात. त्यांत तेलाऐवजी ग्रीस लावतात. मुलामाच्या नळीवर वरवरचा गंज असेल तर तो पुसून निघतो. खड्डे पडले असतील तर प्रत्येक दणक्यासरशी ते सील कापत राहतात, आणि तेथे नवे सील घालण्यात अर्थ नसतो.

काम झाल्यावर पहिली फेरी घराजवळच मारावी आणि परतल्यावर तळाचे बोल्ट, ब्रेक व चाकाचा आस पुन्हा तपासावेत. नळ्यांवर तेलाचे बारीक कडे उमटलेले दिसेल. ते पुसून टाकावे. दोन-तीन फेऱ्यांनंतरही ते उमटतच राहिले, तर एखादे सील तिरके बसले आहे.