एकच भाषण, दोन आवाज



कोणी कागद घेऊन ओट्यावर येतो आणि घरच्या माणसाला विचारतो, "बाई सरपंच चालेल का?" उत्तर ठरलेलं, "चालेल नं!" पण शेजारी ऐकत असतात, बायको दारात उभी असते. ओठावर आलं तेच मनात असेल, असं नाही. मग मनातलं मोजायचं कसं?

आपल्याकडे 2011 पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायांच्या आहेत. म्हणून हा प्रश्न नागपूर जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाचा आहे. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातही सरपंचपद आळीपाळीने बायांसाठी राखीव असतं. तिथे एस्थर डफ्लो, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सोबत्यांनी एक युक्ती केली. 2009 मध्ये ती छापून आली.

त्यांनी सरपंचाचं एक भाषण रेकॉर्ड केलं. शब्द तेच, पण एकदा पुरुषाच्या आवाजात, एकदा बाईच्या. कोणाला कोणता आवाज ऐकवायचा, हे चिठ्ठी काढावी तसं ठरलं. प्रत्येकाने एकच ऐकला आणि विचारलं, "हा सरपंच कसा वाटला?"

एकाच पिठाची, एकाच हातची भाकर दोन तव्यांवर टाकली आणि एकच करपली, तर फरक तव्याचा. इथेही फरक फक्त आवाजाचा. कोण्या एका माणसाचं मन उघडं पडत नाही, पण सगळ्यांचा मिळून कल कळतो.

काय दिसलं? जिथे कधीच बाई सरपंच नव्हती, तिथे पुरुषांनी त्याच शब्दांना बाईच्या आवाजात कमी मानलं. जिथे आरक्षणामुळे बाईचा कारभार पाहिला होता, तिथे हा फरक उरला नाही. "पुरुषच बरा" ही आवड मात्र हलली नाही. पण बाईला काम जमतं, हे पटलं.

आणि पटलं की मतंही पडतात. मुंबई महापालिकेत आधी महिला राखीव असलेले वॉर्ड खुले झाल्यावर, तिथे बाई निवडून येण्याची शक्यता इतर वॉर्डांच्या सुमारे पाचपट दिसली.

म्हणून आम्ही सांगतो, पहिल्या वर्षी ग्रामसभेत कोणी तुमचं बोलणं हलकं घेतलं, तर दोष तुमच्या शब्दांचाच असेल असं समजू नका. बोलत राहा. ऐकणाऱ्यांच्या कानांना सवय व्हायची आहे. आणि पाच वर्षं झाली, जागा खुली झाली, म्हणून घरी बसू नका. अर्ज भरा.