दहा हजारांतली एक पेशी

मुलांना होणाऱ्या रक्ताच्या कर्करोगांत अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया सर्वाधिक आढळतो. पहिल्या महिन्याची केमोथेरपी संपली की अस्थिमज्जेचा नमुना पुन्हा काढतात. सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगी पेशी पाच टक्क्यांहून कमी दिसल्या, की रोग आटोक्यात आला असे म्हणण्याची जुनी रीत आहे आणि बहुतेक मुले या कसोटीला उतरतात. अडचण तिथेच आहे. शंभरात दोन कर्करोगी पेशी उरलेले मूल आणि दहा हजारांत एकही न उरलेले मूल, दोघांच्या अहवालावर शब्द तोच येतो. फ्लो सायटोमेट्री या दोघांना वेगळे करते. पेशींवरच्या ठरावीक प्रथिनांना चिकटणारी, चमकत्या रंगांची प्रतिपिंडे नमुन्यात मिसळतात. मग पेशी एकामागून एक लेझरसमोरून जातात आणि कोणता रंग किती चमकला यावरून प्रत्येकीची ओळख पटते. सीडी१०, सीडी३८, सीडी५८ अशा प्रथिनांचे प्रमाण कर्करोगी पेशीत बिघडलेले असते, म्हणून लाखो पेशींच्या गर्दीतही ती उघडी पडते.

या उरलेल्या पेशींवरून पुढचे भाकीत करता येते, याचा भक्कम पुरावा २००८ साली अमेरिकेतल्या चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुपने २१४३ मुलांच्या अभ्यासातून मांडला. एकोणतिसाव्या दिवशी मज्जेत अशा पेशी न सापडलेल्या मुलांपैकी ८८ टक्के मुले पाच वर्षे रोग न उलटता, सुखरूप राहिली. दहा हजारांत एक ते दहा पेशी उरलेल्यांत हे प्रमाण ५९ टक्क्यांवर आले. वय, सुरुवातीची पांढऱ्या पेशींची संख्या, गुणसूत्रांतले बदल यांना महत्त्व आहेच. पण औषधाला रोगाने प्रत्यक्ष दिलेले उत्तर त्या सगळ्यांहून वजनदार ठरले.

‘आकडा कळून उपयोग काय?’ असा आक्षेप रास्त आहे, कारण उपचार बदलणार नसतील तर भाकीत म्हणजे नुसती धास्ती. ब्रिटनच्या यूकेएएलएल २००३ चाचणीत हाच प्रश्न तपासला गेला. तिथे उरलेला रोग जनुकीय पद्धतीने मोजला होता, पण तत्त्व तेच. कमी धोक्याच्या मुलांचा तीव्र औषधांचा एक टप्पा वगळला, तरी निकाल बिघडला नाही. पेशी उरलेल्यांचे उपचार वाढवले, तेव्हा पाच वर्षे सुखरूप राहणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ८३ वरून जवळपास ९० टक्क्यांवर गेले. त्यासाठी दुष्परिणाम मात्र जास्त सोसावे लागले. जादा विष कोणाच्या शरीरात घालायचे आणि कोणाला त्यातून वाचवायचे, हे ठरवणारी तपासणी मला चैनीची वाटत नाही. आपल्याकडे तर जंतुसंसर्गाने दगावणाऱ्या मुलांचा विचार करता अनावश्यक औषध टाळणे हाही उपचारच आहे. मुंबईच्या टाटा मेमोरिअलसह देशातल्या मोठ्या केंद्रांनी आखलेल्या आयसीआयसीएलई उपचारपद्धतीत मुलांचे गट पाडताना ही मोजणी धरली आहे, ते याचसाठी.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: ‘निगेटिव्ह’ आलेल्या मुलांतही काहींचा रोग उलटतोच. खरे आहे. हा आकडा शक्यता सांगतो, हमी देत नाही. शिवाय तो वाचणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असतो. केमोथेरपीनंतर सावरणाऱ्या मज्जेतल्या निरोगी कोवळ्या पेशी कर्करोगी पेशींसारख्याच दिसतात. सर्वांत साधी चूक तर यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच घडते. सुईने मज्जेचा पहिला ओढलेला अंश दुसऱ्याच तपासणीला गेला आणि रक्त मिसळलेला नंतरचा अंश इकडे आला, तर आकडा खोटाच कमी येतो. म्हणून पहिला अंश या तपासणीसाठी राखून ठेवायला हवा, आणि नमुन्यात रक्त किती मिसळले होते हे अहवालात लिहिलेले असायला हवे.