वळणावर घरघरणारे चाक

सरळ रस्त्यावर निमूट असलेले मोटारीचे पुढचे चाक वळण घेताच आवाज करू लागते. अनेक जण रेडिओ मोठा करून मोकळे होतात. मात्र हा आवाज नेमका कधी व कसा येतो, हे ध्यानात घेतल्यास दोषाचा माग बराचसा लागतो.

बहुतेक लहान मोटारींत इंजिनाची शक्ती पुढच्याच चाकांना मिळते. स्टीअरिंग पूर्ण वळवून सावकाश जाताना ‘कट-कट’ असे ठोके ऐकू आल्यास संशय एक्सलच्या बाहेरील सीव्ही जॉइंटवर घ्यावा. त्यावरचे रबरी आवरण फाटले, की ग्रीस बाहेर उडते आणि पावसाळ्यात चिखलपाणी आत शिरते. चाकाच्या आतल्या बाजूस काळे ग्रीस उडालेले दिसते. आवरण वेळीच बदलल्यास जॉइंट वाचतो.

वेगाबरोबर वाढणारी सलग घरघर बहुधा बेअरिंगची. येथे गफलत होते ती बाजूची. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो. तेव्हा आवाज वाढला तर दोष उजव्या बेअरिंगचा असण्याची शक्यता अधिक. गॅरेजमध्ये जॅकवर उचललेले चाक फिरवून पाहिल्यास खरखर हाताला जाणवते. दुर्लक्ष केल्यास चाक डळमळू लागते.

ब्रेक दाबताच घासल्याचा कर्कश आवाज आला, तर पॅड झिजून लोखंड डिस्कवर घासत असावे. अशा मोटारीने घाट उतरण्याचे धाडस करू नये.

कधी मात्र डिस्क आणि तिच्यामागील पत्रा यांच्यात अडकलेला एखादा खडाच निघतो!