तेरणा आपोआप उमटली

धाराशिव जिल्ह्यातले आठ तालुके कॉम्प्युटरला अकारविल्हे लावायला सांगितले, तर यादी अशी येते: उमरगा, कळंब, तुळजापूर, धाराशिव, परंडा, भूम, लोहारा, वाशी. २०२३ पूर्वी हीच यादी वेगळी यायची. तेव्हा उमरग्याच्या पाठोपाठ, दुसऱ्या क्रमांकावर, उस्मानाबाद असायचं. नाव अधिकृतपणे बदललं आणि जिल्ह्याचं ठिकाण यादीत दोन घरं खाली, तुळजापूरच्या मागे जाऊन बसलं. गाड्यांवरचं एमएच-२५ मात्र तेच राहिलं, पिनकोड ४१३५०१ तोच राहिला. म्हणूनच माहितीचा साठा बांधताना गाव नावावरून न ओळखता क्रमांकावरून ओळखावं, असं आम्हाला शिकवतात. हा धडा वर्गात ऐकला होता, पण तो पटला आपल्याच जिल्ह्याच्या यादीने.

कॉम्प्युटर सायन्सचं शिक्षण आता संपत आलं आहे. या वर्षांत गुणांसाठी लिहिलेले प्रोग्राम बरेच झाले, पण जुना फोल्डर उघडला की हात थांबतो तो हौसेने लिहिलेल्यांवर. ते कुणी सांगितले नव्हते, कुणी तपासलेही नाहीत. बहुतेक तर पंधरा-वीस ओळींचेच आहेत. तरीही त्यांनी जे दाखवलं, ते आजही थक्क करतं.

त्यातला एक प्रोग्राम शब्दातली अक्षरं मोजतो. ‘धाराशिव’ या शब्दात अक्षरं किती? पहिलीतलं मूल बोटं दुमडत सांगेल, चार: धा, रा, शि, व. पायथन ही भाषा सांगते सात. कारण तिच्या लेखी काना, वेलांटी, उकार ही स्वतंत्र चिन्हं आहेत: ध, काना, र, काना, श, वेलांटी, व. आणि हाच शब्द फाइलमध्ये साठवला की तो एकवीस बाइट जागा घेतो, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तिथे तीन बाइट लागतात. चार, सात आणि एकवीस ही तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. विचारणारा शब्द ऐकतो आहे, लिहितो आहे की साठवतो आहे, एवढाच फरक.

मग शब्द उलटा करून पाहिला. आपण ‘धाराशिव’ उलटं म्हणू तेव्हा ‘वशिराधा’ म्हणू. कॉम्प्युटरने ‘विशाराध’ असं छापलं. श ची वेलांटी व ला जाऊन चिकटली, र चा काना श ला मिळाला, आणि ध बिचारा काना गमावून बसला. तुळजापूरचं झालं ‘रूपाजळुत’. हे शब्द पडद्यावर पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते कुठल्या तरी अनोळखी मराठीतले वाटले होते. आपण वाचताना मात्रा आणि व्यंजन एका दमात एकत्र बांधतो, ते किती सहज बांधतो, हे त्या उलट्या शब्दांनी दाखवलं. वेलांटीचं तर आणखी नवल. कागदावर ती श च्या आधी काढलेली दिसते, पण फाइलमध्ये ती श च्या नंतर असते. म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवतो, आणि डोळ्यांना हवी तिथे वेलांटी नेऊन ठेवण्याचं काम दर वेळी पडद्यावर नव्याने होतं.

पण खरा चकित झालो तो अक्षरांचे क्रमांक छापून पाहिले तेव्हा. जगातल्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये क चा क्रमांक २३२५ आहे आणि ध चा २३४३. ध मधून क वजा करा, १८ उरतात. १८ ला पाचाने भागा: भागाकार ३, बाकी ३. आता शाळेतलं व्याकरण आठवा. भागाकार ० असेल तर अक्षर कंठ्य, १ असेल तर तालव्य, २ असेल तर मूर्धन्य, ३ असेल तर दंत्य. बाकी सांगते वर्गातली जागा. १ असेल तर ख, थ यांसारखं महाप्राण, ३ असेल तर घ, ध यांसारखं घोष आणि महाप्राण, ४ असेल तर अनुनासिक. म्हणजे जीभ तोंडात कुठे लागते आणि श्वास किती जोराने सुटतो, हे एका भागाकारात मिळतं! प्रातिशाख्यं, म्हणजे उच्चारशास्त्राचे जुने ग्रंथ, रचणाऱ्यांनी दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ध्वनींची जी मांडणी केली, ती पाठांतराने आपल्यापर्यंत आली. १९८८ साली भारतात ठरलेल्या ‘इस्की’ या प्रमाणाने ती तशीच उचलली, युनिकोडने ती इस्कीकडून घेतली, आणि आज ती प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये अंकगणित होऊन बसली आहे.

प वर्गाला आलं की हे गणित एका घराने सरकतं. न चा क्रमांक २३४४ आणि प चा २३४६. मधलं २३४५ हे घर नुक्ता दिलेल्या ‘ऩ’ चं आहे, तमिळसारख्या भाषांतला वेगळा ध्वनी देवनागरीत लिहिता यावा म्हणून राखलेलं. प्रोग्राममध्ये तिथे आणखी एक वजा करावा लागतो. ती एक जादा ओळ मला आवडते, कारण त्या ओळीत दक्षिणेकडचा शेजारी राहतो. मराठीचं एक वैशिष्ट्य मात्र या क्रमांकांत नाही. ‘चोर’ मधला च आणि ‘चिंच’ मधला पहिला च यांचा क्रमांक एकच आहे. फरक आपल्या जिभेवर आहे, लिपीत नाही, म्हणून कॉम्प्युटरलाही तो नुसत्या अक्षरावरून कळत नाही. आणि ळ? आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. युनिकोडमध्ये तो ल च्या शेजारी, २३५५ वर आहे. त्यामुळे नुसत्या क्रमांकांनी यादी लावली तर कळंब आधी येतं आणि कसबे तडवळे नंतर. मराठी शब्दकोशाच्या शिस्तीने हा क्रम उलटा हवा. त्यासाठी मराठीचा क्रम वेगळा शिकवावा लागतो आणि तो शिकवणं सोपं आहे. सरकारी कचेरीतली किंवा शाळेतली मराठी यादी बनवणाऱ्या प्रत्येकाने ते केलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

फोल्डरमध्ये एक अगदी छोटा प्रोग्राम कापरेकरांचा आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, १९०५ सालचा, पेशाने देवळालीचे शाळामास्तर. त्यांची क्रिया अशी: चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा हेच. जिल्ह्याचं नाव बदललं ते साल घेऊ, २०२३. ३२२० वजा ०२२३ म्हणजे २९९७. पुढे ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२, आणि मग ६१७४. इथे गाडी थांबते, कारण ७६४१ मधून १४६७ गेले की पुन्हा ६१७४ च. कुठलीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पावलांत ती इथेच येते. आज ० पासून ९९९९ पर्यंतच्या सगळ्या संख्या तपासायला डोळ्याचं पातं लवेपर्यंतचा वेळ लागतो. कापरेकरांनी हे १९४९ मध्ये कागद-पेन्सिलीने शोधलं होतं.

आता शेवटचा आणि माझा सगळ्यात लाडका प्रोग्राम: पाण्याचा.

फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ हे अवकाशयान अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरलं आणि त्याने रडारने जमिनीची उंची मोजली. ते आकडे आज कुणालाही फुकट मिळतात. एक अंश अक्षांश आणि एक अंश रेखांश यांच्या चौकटीची एक फाइल, त्या फाइलमध्ये ३६०१ ओळी आणि प्रत्येक ओळीत ३६०१ आकडे. सगळे मिळून १ कोटी २९ लाख ६७ हजार २०१. प्रत्येक आकडा म्हणजे समुद्रसपाटीपासूनची मीटरमधली उंची, साधारण तीस मीटर लांब आणि तितक्याच रुंद चौकोनाची. आपल्या मापात सांगायचं तर प्रत्येक नऊ गुंठ्यांना एक आकडा. धाराशिव, कळंब आणि तुळजापूर ही गावं एका फाइलमध्ये येतात, परंडा, भूम, वाशी तिच्या पश्चिमेच्या फाइलमध्ये, नळदुर्ग आणि उमरगा दक्षिणेच्या. त्यांत ना रस्ता, ना गाव, ना नदी. नुसत्या उंच्या.

प्रोग्रामला नियम एकच दिला. प्रत्येक चौकोनाला आठ शेजारी असतात. ज्याच्याकडे उतार सगळ्यात तीव्र, त्याच्याकडे पाणी जाईल. ओकॅलहन आणि मार्क या संशोधकांनी ही पद्धत १९८४ साली मांडली. मग सगळे चौकोन उंचीप्रमाणे उतरत्या क्रमाने लावायचे. आठ तालुक्यांची यादी लावणारीच ही क्रिया, फक्त आता यादी सव्वा कोटीच्या पुढची. सर्वांत उंच चौकोनापासून सुरुवात करून प्रत्येकाने आपलं पाणी आणि वरून आलेलं पाणी खालच्याकडे द्यायचं. सगळ्यांचं देऊन झालं की ज्या चौकोनांकडे हजारोंचं पाणी जमलं, तेवढे निळे रंगवायचे.

आणि पडद्यावर तेरणा उमटली. तेरखेड्याच्या बाजूने येऊन तेरजवळून पुढे जाणारी, ओळखीच्या वळणांची. नदी हा शब्दही प्रोग्राममध्ये नव्हता. ज्या तेर गावाचा उल्लेख ‘तगर’ या नावाने पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी ग्रंथात आहे, आणि जिथे संत गोरोबाकाका होऊन गेले, ते गाव बरोबर त्या निळ्या रेघेवर येत होतं. मी कितीतरी वेळ ती रेघ नुसती पाहत होतो.

हे सगळं इतकं सरळ होत नाही, हेही सांगायला हवं. आकड्यांत खळगे असतात. आठही शेजारी उंच असलेला चौकोन सापडला की पाणी तिथेच अडतं. मग तो खळगा काठोकाठ भरेपर्यंत उंची वाढवावी लागते, म्हणजे पाणी सांडून पुढे निघतं. जलाशय आणखी अवघड. माकणीच्या निम्न तेरणा धरणासारखा पाणीसाठा आकड्यांत सपाट असतो, आठही दिशा सारख्या, आणि पाण्याला वाट सांगायला वेगळी युक्ती लागते.

पण तेरणेपेक्षाही मला हलवून गेली ती एक रेघ, जिथे निळा रंग मुळीच नाही. बालाघाटाचा माथा. तिथे शेजारी-शेजारी दोन चौकोन आहेत, मध्ये अंतर तीस मीटर. एकावर पडलेल्या पावसाचं पाणी तेरणेत उतरतं, तेरणा मांजरेला मिळते, मांजरा कर्नाटक आणि तेलंगणातून फिरून गोदावरीत जाते. दुसऱ्यावरचं पाणी बोरीत उतरतं, नळदुर्गच्या किल्ल्याला वळसा घालतं, भीमेला मिळतं आणि रायचूरच्या बाजूला कृष्णेत पोचतं. दोन्ही पाणी शेवटी आंध्रच्या किनाऱ्यावर, शेजारशेजारच्या दोन त्रिभुज प्रदेशांतून बंगालच्या उपसागरात उतरतं. एका बांधाच्या दोन बाजूंना पडलेले थेंब अर्धा दख्खन वेगवेगळ्या वाटांनी चालून पुन्हा एकाच समुद्रात येतात. ज्या जिल्ह्याविषयी आपण वर्षानुवर्षं टँकरच्या बातम्यांत वाचतो, तो दोन महानद्यांच्या खोऱ्यांना पाणी वाटणारा माथा आहे.

नळदुर्गला बोरीवर आदिलशाही काळात बांधलेला बंधारा आहे, त्याच्या पोटातल्या महालाला पाणी महाल म्हणतात. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून पाणी कोसळतं आणि आतल्या दालनात माणूस कोरडा उभा राहतो. प्रोग्राममध्ये त्या जागेवर बोट ठेवलं की वरचे किती चौकोन तिथे पाणी पाठवतात, ती संख्या मिळते. प्रत्येक चौकोन सुमारे नऊशे चौरस मीटरचा, आणि एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. म्हणजे एका मिलिमीटरला एका चौकोनावर नऊशे लिटर पाणी पडतं. त्यातलं किती जमिनीत मुरतं, किती वाहतं, हा पुढचा हिशेब, पण पाणलोटाचा आकार हातात येतो. त्या काळच्या बांधणाऱ्यांनी ही जागा डोळ्यांनी आणि अनुभवाने हेरली होती. हे आकडे पाहिल्यावर त्यांच्याविषयीचा आदर कितीतरी वाढतो.

तुमच्या गावाची फाइलही तशीच फुकट मिळते, पायथन फुकट आहे, आणि साधा लॅपटॉप या कामाला पुरतो. एकदा करून पाहा. तुमच्या शेताकडेचा ओढा पडद्यावर उमटला की गावातल्या एखाद्या वयस्कर माणसाला ती रेघ दाखवा आणि त्या ओढ्याचं नाव विचारून लिहून ठेवा. फाइलमध्ये फक्त उंची असते, नावं नसतात.