शेतात सापडणारी जुनी नाणी व धातुशोधक यंत्र

मावळात भातखाचरांची नांगरट सुरू झाली, की कधी कधी मातीबरोबर एखादे हिरवट तांब्याचे नाणे वर येते आणि दुसऱ्या दिवशी ते विद्यार्थ्याच्या खिशातून वर्गात पोहोचते. बहुधा ती शिवराई असते. एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसरीस 'छत्रपति' अशी अक्षरे धारण करणारे हे नाणे १६७४ च्या राज्याभिषेकाशी निगडित असून पेशवाईतही पाडले जात होते. परंतु बोरघाटाची वाट त्याहून पुष्कळ जुनी आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. तेव्हा नाणे शिवराईच असेल असे गृहीत धरू नये.

अलीकडे अशा नाण्यांच्या शोधार्थ धातुशोधक यंत्र वापरले जाते. रेल्वेस्थानकावर विद्यार्थ्यांनी पाहिलेले तपासणीचे यंत्र याच जातीचे. त्यातील तारेच्या वेटोळ्यातून सतत बदलता विद्युत्प्रवाह वाहतो व सभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. जवळ धातू असल्यास त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उत्पन्न होतात. त्यांचे स्वतःचे क्षेत्र यंत्रास जाणवते व ध्वनी उमटतो. मात्र यंत्रास शिवराई व बाटलीचे बूच यांतील भेद खात्रीने कळत नाही. एकटे नाणे वीतभर खोलीपर्यंतच सहसा सापडते. शिवाय सह्याद्रीच्या काळ्या खडकात व त्याच्या मातीत लोहयुक्त खनिजे असल्याने यंत्र वारंवार फसते. गुप्तधनाच्या कथांनी भारावलेल्यांस हे सांगणे अवश्य आहे.

खरी हानी यंत्राने होत नाही, कुदळीने होते. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे क्षत्रप नहपानाच्या १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा उमटविली होती. जेत्याने पराजिताचे चलन आपलेसे केले, हा इतिहास साठा एकत्र अभ्यासला गेल्यामुळेच इतका स्पष्ट झाला. तीच नाणी सुटी सुटी सोनाराच्या मुशीत गेली असती, तर चांदीखेरीज काही उरले नसते.

या बाबतीत कायदाही स्पष्ट आहे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविले पाहिजे. न कळविणाऱ्यास आपला वाटा गमवावा लागतो व शिक्षाही होऊ शकते. वडगावच्या तहसील कार्यालयात चौकशी केल्यास अर्जाची रीत कळेल. अर्ज लिहिण्यास शिक्षकाने पालकांस साहाय्य करावे. कार्ले, भाजे, बेडसे येथील लेणी तसेच लोहगड व विसापूर ही संरक्षित स्थळे होत. १९५८ च्या कायद्यान्वये तेथे विनापरवाना खणणे हा गुन्हा असून सहलीपूर्वीच हे मुलांस बजावावे.

वर्गात आलेले नाणे चिंच, लिंबू वा राखेने घासू देऊ नये. हिरव्या थराबरोबर अक्षरेही जातात, आणि हा मोह मोठ्यांसही आवरत नाही. नाणे कोरड्या कागदात ठेवून त्यावर शेताचे नाव, खोली व तारीख लिहावी. ठसा घेण्याचा सराव चालू रुपयावर करावा: वर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी फिरविली, की अक्षरे उमटतात.