रक्तातली उंची

कर्नाटकातले बैलकुप्पे समुद्रसपाटीपासून जेमतेम ८५० मीटरवर. १९६० च्या दशकारंभी तिबेटी निर्वासित इथे वसले. मक्याच्या शेतांलगत वाढलेली त्यांची नातवंडे कुंझुम खिंडीतून दिवसभर चालून लाहौल-स्पितीतल्या चंद्रताल तळ्याला, सुमारे ४,२५० मीटरवर, गेली तर? तिथे प्राणवायूचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम तीन पंचमांश. उंचीवरचा सराव सुटला की विरळ हवा पेलण्याची पिढीजात देणगीही गेली, असा आक्षेप येईल. पण २०१० मध्ये तिबेटी लोकांत आढळलेले ईपीएएस-१ जनुकाचे वेगळे रूप वारशाने येते, राहत्या पत्त्यावर अवलंबून नसते. हिमोग्लोबिन बेसुमार वाढून रक्त दाट होऊ नये, ही त्याची कामगिरी. (२०१४ च्या संशोधनानुसार ते डेनिसोव्हा या लुप्त मानवगटाकडून आले, तिबेटींहूनही जुने म्हणायचे!) मात्र श्वासाची लय आणि मूत्रपिंडांनी सांभाळायचा आम्लतेचा तोल जुळायला काही दिवस लागतातच. त्यामुळे मैदानातून थेट तळ्याकाठी पोचलेल्या तिबेटी तरुणाचेही डोके ठणकू शकते. आधी खालच्या गावात मुक्काम त्यालाही चुकत नाही.